शिवेअलीकडचा दाखला

सेनगावच्या लेकी रिसोड, लोणार, मेहकरकडे दिल्या जातात आणि तिकडच्या लेकी इकडे सुना होऊन येतात. ही सोयरीक पिढ्यान्‌पिढ्यांची. बैठकीत कूळ जुळतं, देवक पाहिलं जातं, कुठं खोट निघत नाही. तरी मामाच्या मुलाच्या कागदावर ‘कुणबी’ असतं आणि भाच्याच्या कागदावर ‘मराठा’. मामाचा मुलगा इतर मागासवर्गाच्या जागेसाठी अर्ज भरतो, भाचा खुल्या जागेसाठी. दोघांची शेतं कोरडवाहू, दोघांकडे सोयाबीन आणि तूर, दोघांच्याही डोक्यावर सोसायटीचं कर्ज. फरक इतकाच की मामाचं गाव वाशीम जिल्ह्यात येतं आणि भाच्याचं हिंगोलीत.

हा फरक कुठून आला ते शोधायचं तर १८५३ सालापर्यंत मागं जावं लागतं. इंग्रजांनी निजामाच्या खर्चानं एक फौज उभी केली होती, हैदराबाद कंटिंजंट. तिची एक छावणी हिंगोलीतच होती. या फौजेचा पगार थकला, कर्ज चढलं आणि ते फेडण्यासाठी निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं. पुढं १९०२ साली कायमचा भाडेपट्टा झाला आणि वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलं गेलं. रिसोड, वाशीम, मेहकर त्या बाजूला गेले. आजचा सेनगाव तालुका निजामाच्या परभणी जिल्ह्यात राहिला. कयाधू नदी रिसोडकडे उगम पावते आणि सेनगावच्या शिवारातून हिंगोलीकडे जाते. तिच्या वरच्या अंगाला एक सरकार आणि खालच्या अंगाला दुसरं, अशी व्यवस्था जवळजवळ शंभर वर्षं चालली. शिक्षण, नोकरी, मत, जमीन या चार गोष्टींत कुणाला किती संधी मिळणार हे त्या रेषेनं ठरवलं, आणि त्या काळात तयार झालेले कागद आजही ठरवत आहेत.

या रेषेचा पहिला मोठा परिणाम दिसला तो सगळ्यांत तळाच्या माणसावर. १९३२ साली पुणे करार झाला. प्रांतांच्या विधिमंडळांत अस्पृश्यांसाठी १४८ राखीव जागा ठरल्या. त्यांतल्या २० मध्य प्रांताला मिळाल्या आणि वऱ्हाड त्याच प्रांतात मोडत होतं. १९३७ च्या निवडणुकीत वऱ्हाडातल्या अस्पृश्यांतली माणसं विधिमंडळाच्या पायऱ्या चढली. मताचा हक्क तेव्हा मोजक्यांनाच होता, हे खरं. पण आपल्यातला एक माणूस कायदा करायला बसतो, ही गोष्ट वाडीवस्तीपर्यंत पोचली. शिवेअलीकडे, निजामाच्या मुलखात, यातलं काहीच नव्हतं. ब्रिटिश हिंदुस्थानासाठी झालेला करार संस्थानाला लागू नव्हता. निवडून येऊन कायदे करणारं विधिमंडळ नव्हतं, मग त्यात राखीव जागा कुठून असणार? शाळा कमी होत्या आणि चार इयत्ता पुढं सरकलं की उर्दू लागे. दप्तराची भाषा उर्दू, कोर्टाची उर्दू. उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली निघालं, ते उर्दू माध्यमाचं. देशी भाषेत उच्च शिक्षण देण्याचा तो मोठा प्रयोग होता, पण मराठी बोलणाऱ्या खेड्यातल्या मुलाला ती भाषा इंग्रजीइतकीच परकी होती. सवर्ण शेतकऱ्याच्या मुलाची ही गत, तर महारवाड्यातल्या मुलाला तक्रार करायलासुद्धा जागा नव्हती.

या मुलखाला ‘मागं जा’ हा शब्द जुना आहे. सेनगावजवळच्या कयाधूकाठच्या नर्सीला नामदेवांचं गाव मानतात. ते औंढ्याला नागनाथापुढं कीर्तनाला उभे राहिले, पुजाऱ्यांनी त्यांना देवळाच्या मागं पाठवलं आणि देऊळच फिरून त्यांच्या बाजूला तोंड करून उभं राहिलं, ही कथा इथल्या लहान पोराला ठाऊक असते. औंढ्याला गेलेला माणूस नंदी कुठं आहे ते मुद्दाम बघून येतो. शिंप्याच्या घरातल्या संतासाठी देऊळ फिरलं, याचं या भागाला मोठं कौतुक आहे. पण चोखोबांच्या जातीच्या माणसासाठी पाणवठा फिरायला विसावं शतक उजाडावं लागलं, आणि तोही पुरता फिरला असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

निजामाच्या राज्यात हालचाल नव्हती असं मात्र नाही. हैदराबाद शहरात भाग्यरेड्डी वर्मा यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून अस्पृश्यांची चळवळ बांधली, पुढं तिला ‘आदि हिंदू’ हे नाव दिलं, त्यांच्या मुलांसाठी शाळा काढल्या. मराठवाड्यात ही हाक नीट ऐकू आली ती ३० डिसेंबर १९३८ रोजी. कन्नड तालुक्यातल्या मक्रणपूर इथं भाऊसाहेब मोरे यांनी हैदराबाद संस्थानातल्या दलितांची परिषद भरवली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथं आले. ‘जय भीम’ हा अभिवादनाचा शब्द याच परिषदेत भाऊसाहेबांनी दिला, असं मराठवाड्यात मानलं जातं. आजही ३० डिसेंबरला तिथं माणसं जमतात. सेनगावहून मक्रणपूर लांब. पण परिषदेची बातमी जिथवर पोचली तिथवर गावकीची कामं नाकारण्याची भाषाही पोचली. मेलेलं ढोर ओढणार नाही, सांगावा घेऊन जाणार नाही, हे बोलायला धीर लागत होता. कारण बलुतं बंद झालं तर दुसऱ्या दिवशी चूल कशी पेटवायची, याचं उत्तर कुणाकडंच नव्हतं.

याच काळात औरंगाबादेत जन्मलेले बी. श्यामसुंदर पुढं आले. त्यांचा रस्ता बाबासाहेबांहून वेगळा होता. ते निजामाच्या राज्यातच वाटाघाटी करत राहिले. भारताविरुद्ध संयुक्त राष्ट्रांत गेलेल्या हैदराबादच्या शिष्टमंडळातही त्यांचं नाव होतं. त्या राजकारणाशी अनेकांचं पटणार नाही. माझंही पटत नाही. पण दलितांच्या शिक्षणासाठी निजाम सरकारनं एक कोटी रुपयांचा निधी वेगळा काढला, त्यामागं त्यांची खटपट होती, आणि हे त्यांच्या खात्यावर मांडलंच पाहिजे. बाबासाहेबांनी नोव्हेंबर १९४७ मध्ये हैदराबादच्या दलितांना निक्षून सांगितलं होतं की निजामाची बाजू घेऊन स्वतःला बट्टा लावून घेऊ नका. १९४८ च्या सप्टेंबरात पोलीस कारवाई झाली, निजामाचं राज्य संपलं. तो निधी मात्र संपला नाही. पुढं औरंगाबादेत बाबासाहेबांच्या कॉलेजला त्याच निधीतून कर्जाऊ पैसा मिळाला. एका राजाच्या खजिन्यातून वेगळ्या हेतूनं निघालेली रक्कम लोकशाहीतल्या कॉलेजच्या भिंतीत जाऊन बसली.

पोलीस कारवाईनंतरचे महिने दलित वस्त्यांसाठी सुखाचे नव्हते. निजामाच्या काळात कसायला मिळालेल्या गायरानांवरून कितीतरी कुटुंबांना हुसकावलं गेलं. ‘तुम्ही रझाकारांचे’ हा आरोप खरा असो की खोटा, जमीन काढून घ्यायला पुरेसा होता. शेड्यूल्ड कास्ट फेडरेशननं १९५३ साली मराठवाड्यात गायरानांसाठी सत्याग्रह केला, पुढं दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे लढे उभारले. राखीव जागांचा इतिहास सांगताना हे गायरानांचं प्रकरण बहुधा गळून जातं. ते गळू नये. दोन एकर मुरमाड जमीन हातात असलेला बाप पोराला शाळेतून काढायची घाई करत नाही.

आता औरंगाबादच्या मिलिंद कॉलेजकडे येतो, आणि इथं जरा थांबतो.

जून १९५० मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं औरंगाबादेत कॉलेज सुरू केलं. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी इमारतीची कोनशिला बसवली. १९५५ साली त्याला ‘मिलिंद’ हे नाव मिळालं आणि परिसराला नागसेनवन. त्याआधी मराठवाड्यातल्या मुलाला इंटरपर्यंत औरंगाबाद आणि पदवीसाठी हैदराबाद, अशी वाट होती. ज्याच्या घरात हैदराबादला राहायचा खर्च झेपे, तोच पदवीधर होई. राज्यघटना लागू झाली २६ जानेवारी १९५० ला. राखीव जागा आल्या, पण त्या जागांवर बसायला मॅट्रिक झालेला, पदवी घेतलेला मुलगा आणायचा कुठून? घटनेनं दार उघडलं होतं आणि दारापर्यंत रस्ताच नव्हता. बाबासाहेबांनी मुंबईचं सिद्धार्थ १९४६ साली काढलं होतं. चार वर्षांनी त्यांनी मराठवाडा निवडला, कारण इथला दलित सगळ्यांत मागं होता आणि त्याच्याबरोबर इथला सवर्ण शेतकरीही मागं होता. मिलिंदमध्ये प्रवेश सगळ्या जातींना होता, हे आज अनेकांना सांगावं लागतं.

हिंगोलीकडचा मुलगा तिथं कसा पोचत असेल, याचा विचार करून पाहावा. सेनगावच्या आसपासच्या गावातून पायी किंवा बैलगाडीनं हिंगोली. हिंगोलीहून मीटरगेजची गाडी, ती पूर्णेपर्यंत. पूर्णेला गाडी बदलायची, मग परभणी, जालना आणि औरंगाबाद. बरोबर एक पेटी, भाकरीचं गाठोडं. तिथं उतरल्यावर वसतिगृह नसतं तर तो मुलगा आठवड्यात परत आला असता. म्हणून मिलिंदचा खरा पाया मला वर्गखोल्यांत दिसत नाही, वसतिगृहांत दिसतो. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात असतानाच सुरू झाली होती. तिचे पैसे उशिरा येत, पण येत. प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी नुसतं कॉलेज चालवलं नाही, ‘युगयात्रा’ हे नाटक लिहून याच मुलांना रंगमंचावर उभं केलं. गावात पाटलाच्या ओट्यासमोर मान वर न करणारा मुलगा शेकडो लोकांपुढं मोठ्यानं संवाद म्हणू लागला.

पुढं अमेरिकेत शिकून आलेले म. ना. वानखेडे इथं प्राचार्य झाले. तिथल्या काळ्या लेखकांनी आपलं दुःख आणि आपला राग कसा लिहून काढला, हे त्यांनी नागसेनवनातल्या पोरांना सांगितलं. गंगाधर पानतावणे यांचं ‘अस्मितादर्श’ याच वातावरणात निघालं. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा तिनं नावच अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतलं. खुद्द बाबासाहेबांनी १९४६ साली डब्ल्यू. ई. बी. ड्यु बॉइस यांना पत्र लिहून तिकडच्या निग्रोंच्या संयुक्त राष्ट्रांकडच्या अर्जाची प्रत मागवली होती. अमेरिकेच्या अध्यक्षांनी, जॉन केनेडींनी, वंशभेद न करता नोकरी द्यायला कंत्राटदारांनी होकारार्थी पावलं उचलावीत असा हुकूम काढला १९६१ साली. तोवर भारताच्या घटनेतल्या तरतुदींना अकरा वर्षं झाली होती. या बाबतीत आपण कुणाचं पाहून शिकलो नाही. कोल्हापुरात शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखल्या, तेव्हा अमेरिकेत काळ्या माणसाला वेगळ्या डब्यात बसवायचे कायदे जोरात होते.

१९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्रात. पण हा प्रदेश तसाच हात जोडून आला नाही. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात लिहून घेतलं गेलं की विदर्भ आणि मराठवाड्याला निधी, शिक्षण आणि सरकारी नोकऱ्यांत लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा मिळेल, आणि मराठवाड्याच्या विकासाकडे खास लक्ष दिलं जाईल. घटनेच्या ३७१ व्या कलमात या भागांसाठी वेगळ्या तरतुदीची सोय झाली. ही मागणी इथल्या माणसाच्या अंगात मुरलेली होती. निजामाच्या राज्यात १९१९ पासून ‘मुलकी’ नियम होते. उत्तरेकडून आलेले लोक सगळ्या नोकऱ्या बळकावतात म्हणून संस्थानातल्या रहिवाशालाच सरकारी नोकरी द्यायची, असा तो कायदा. आपण मागं ठेवले गेलो, तेव्हा आपल्याला धावायला थोडी पुढची रेघ द्या: हा युक्तिवाद मराठवाड्यानं कुणाकडून उसना घेतला नव्हता.

१९७४ साली हाच युक्तिवाद रस्त्यावर आला. मराठवाडा विकास आंदोलन पेटलं. नोकऱ्या नाहीत, उद्योग नाहीत, रुंद रेल्वे नाही. आज हिंगोली जिल्ह्यात असलेल्या वसमतला पोलिसांच्या गोळीबारात विद्यार्थी मेले. गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारखा निजामाविरुद्ध लढलेला, निःस्पृह नेता या मागणीच्या अग्रभागी होता. त्या आंदोलनातली एकही मागणी मला गैर वाटत नाही. पुण्या-मुंबईच्या मुलाशी सेनगावच्या मुलानं एकाच रेषेवरून धावावं असं म्हणणं म्हणजे अन्याय कायम ठेवणं, हे तेव्हा गावागावांत लोक तावातावानं बोलत होते.

आणि मग चार वर्षांनी, २७ जुलै १९७८ ला, विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला. मुख्यमंत्री शरद पवार होते. ठरावाची बातमी रेडिओवर आली आणि दुसऱ्या दिवसापासून मराठवाडा जळू लागला. परभणी आणि नांदेड हे जिल्हे त्यात सगळ्यांत वाईट होरपळले. हिंगोली-सेनगाव तेव्हा परभणी जिल्ह्यातच होतं. शेकडो गावांत दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरं पेटवली, धान्य पेटवलं, विहिरीत घाण टाकली. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीला पोचिराम कांबळे यांना ४ ऑगस्टला ठार मारलं गेलं. सुगावला जनार्दन मवाडे यांचा बळी गेला. ज्या गावांत जाळपोळ झाली नाही तिथं बहिष्कार झाला: गिरणीवर दळण नाही, दुकानात मीठ-मिरची नाही, शेतावर काम नाही. माणसं तांड्यांकडे, शहरांकडे, नातेवाइकांकडे निघून गेली.

एका नावावरून हे झालं, असं अजूनही सांगितलं जातं. मला ते पुरेसं वाटत नाही. गावातल्या संतापाचा विषय शिष्यवृत्ती होती, राखीव जागेवर लागलेला तलाठी होता, इस्त्रीचा शर्ट घालून सुट्टीत आलेला मिलिंदचा मुलगा होता. पावसावर अवलंबून असलेली शेती खंगत चालली होती. नोकरी हाच एक सुटकेचा मार्ग राहिला होता, आणि त्या मार्गावर आजवर मागं उभा असलेला माणूस शेजारी येऊन उभा राहिला होता. मराठवाड्यानं मुंबईला जे शब्द ऐकवले होते, तेच महारवाडा मराठवाड्याला ऐकवत होता. तेच मागासलेपण, तोच अनुशेष, हिश्शाची तीच मागणी. पहिल्या वेळी ते शब्द न्याय्य वाटले होते. दुसऱ्या वेळी त्यांच्यावर रॉकेल ओतलं गेलं. गोविंदभाई नामांतराच्या विरोधात उभे राहिले. मराठवाड्याची अस्मिता पुसू नये, ही त्यांची भूमिका होती आणि जाळपोळीला त्यांची संमती नव्हती. पण वसमतचा गोळीबार ज्याला समजला, त्याला टेंभुर्णी समजायला हवी होती. हे मी त्यांच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून लिहितो आणि तरीही लिहितो.

१९७९ च्या नोव्हेंबरात जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरहून औरंगाबादकडे लाँग मार्च निघाला. विदर्भ ओलांडून तो मराठवाड्याच्या सरहद्दीकडे आला आणि खडकपूर्णा नदीच्या पुलावर पोलिसांनी अडवला. पुन्हा तीच जुनी रेषा. खडकपूर्णेचं पाणी पुढं पूर्णेत येतं, येलदरीच्या जलाशयात थांबतं आणि त्या जलाशयाच्या एका अंगाला सेनगाव तालुक्याचं शिवार लागतं. मोर्चातली माणसं तिथंच अडवून तुरुंगात नेली गेली. त्यानंतर आणखी चौदा वर्षं गेली. सत्याग्रह, अटका, मोर्चे. २५ नोव्हेंबर १९९३ रोजी नांदेडला गौतम वाघमारे या तरुण पँथर कार्यकर्त्यानं स्वतःला पेटवून घेतलं. १४ जानेवारी १९९४ ला संक्रांतीच्या दिवशी नामविस्तार झाला: डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावानं दुसरं विद्यापीठ निघालं आणि हिंगोलीकडची कॉलेजं त्याला जोडली गेली. म्हणजे ज्या नावासाठी या भागातली घरं जळली, ते नाव या भागातल्या मुलाच्या पदवीवर नाही. नव्या विद्यापीठाचा या जिल्ह्याला उपयोग झाला. जवळ कॉलेज म्हणजे मुलींचं शिक्षण, हे मी पाहिलं आहे. तरी ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

दरम्यान कागदांची दुसरी लढाई चालू होती. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि लाखो माणसं बौद्ध झाली. पण अनुसूचित जातींच्या १९५० च्या आदेशात हिंदू (आणि १९५६ पासून शीख) एवढेच बसत होते. बौद्ध म्हणून नाव लावलं की केंद्राच्या सवलती जात. महाराष्ट्र सरकारनं राज्यापुरत्या नवबौद्धांना सवलती दिल्या, केंद्राचं दार मात्र १९९० साली, विश्वनाथ प्रताप सिंह यांच्या सरकारच्या काळात उघडलं. मधली चौतीस वर्षं बापाला ठरवावं लागे: मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर धर्माचं नाव लिहायचं की सवलतीचं? कितीतरी घरांत एका भावाचा दाखला ‘महार’ आहे आणि दुसऱ्याचा ‘बौद्ध’. दोघांनी सारखीच दीक्षा घेतली होती.

तांड्यांची कहाणी वेगळी. सेनगाव तालुक्यात बंजारा तांडे आहेत. पूर्वीच्या हैदराबाद संस्थानातला लमाण तेलंगणात अनुसूचित जमातीत मोजला जाऊ लागला १९७६ च्या कायद्यानंतर. तोच महाराष्ट्रात विमुक्त जातींत राहिला. वसंतराव नाईक यांच्यासारखा बंजारा मुख्यमंत्री अकरा वर्षांहून अधिक काळ लाभला, आश्रमशाळा निघाल्या. पण तांड्यातला तरुण ऊसतोडीला कोयता घेऊन निघतो तेव्हा मुलंही बरोबर निघतात आणि आश्रमशाळेच्या हजेरीपटावर दिवाळीनंतर लाल शाई वाढते.

आता पुन्हा त्या मामा-भाच्याकडे. वऱ्हाडात इंग्रजी अमलात नोंदी नेटक्या झाल्या. गावच्या कोतवाल बुकात जन्म-मृत्यू आणि जात लिहिली जाई, आणि शेतकरी म्हणजे ‘कुणबी’ असं सर्रास लिहिलं गेलं. अमरावतीत अंबादेवीचं मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून लढलेले आणि पुढं देशाचे कृषिमंत्री झालेले डॉ. पंजाबराव देशमुख यांनी वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला ही नोंद सोडू नका असं सांगितलं, असं तिकडं आवर्जून बोललं जातं. १३ ऑक्टोबर १९६७ च्या राज्याच्या यादीत कुणबी इतर मागासवर्गात आला आणि शिवेपलीकडचा बहुतेक शेतकरी त्या यादीत बसला. शिवेअलीकडे निजामाची दप्तरं होती, उर्दूत आणि मोडीत, काही हैदराबादेत, काही तहसिलात, काही वाळवीच्या पोटात. १९०९ च्या इंपीरियल गॅझेटियरमध्ये याच भागाच्या वर्णनात कुणबी मोठ्या संख्येनं दिसतात. गावच्या कागदांवर मात्र ‘मराठा’ उरला. १९६७ साली ते कुणाला जाचलं नाही. जमीन होती, पाटीलकी होती, कुणबी म्हणवून घेण्यात कमीपणा वाटे. जमीन भावाभावांत वाटून तीन-तीन एकरांवर आली, मुलाला डी.एड. करूनही नोकरी लागेना, तेव्हा ते जाचू लागलं.

पुढचं सगळ्यांच्या डोळ्यांसमोरचं आहे. २०१८ चा मराठा आरक्षणाचा कायदा सर्वोच्च न्यायालयानं ५ मे २०२१ रोजी रद्द केला. २०२३ च्या ऑगस्टअखेर जालना जिल्ह्यात अंतरवाली सराटीला मनोज जरांगे पाटील उपोषणाला बसले. १ सप्टेंबरला तिथं लाठीमार झाला आणि मराठवाडा उठला. त्याच वर्षी, २९ जूनला, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं विद्यापीठ प्रवेशातला वंशाचा विचार थांबवला होता. तिकडं दार मिटत होतं, इकडं नवी माणसं दारापाशी येत होती. निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती निजामकालीन नोंदी शोधू लागली. मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. ‘सगेसोयरे’ हा लग्नपत्रिकेतला शब्द शासनाच्या मसुद्यात आला, आणि तो सेनगावच्या माणसाला जितका कळला तितका मुंबईच्या वकिलाला कळला नसेल. २ सप्टेंबर २०२५ ला हैदराबाद गॅझेटियरचा आधार घ्यायचा शासन निर्णय निघाला. लगेच बंजारा समाज म्हणाला, त्याच हैदराबादच्या कागदांत आम्ही जमात आहोत, मग आम्हाला तो न्याय का नाही? माळी, धनगर, वंजारी घरांत आपला वाटा जाईल ही धास्ती आहे. ती धास्ती खोटी नाही. मराठा मुलाचं दारिद्र्यही खोटं नाही. १९७८ साली जळलेल्या वस्तीतला म्हातारा हे सगळं ऐकतो. ‘सवलतीवर जगता’ म्हणून ज्यांनी हिणवलं, त्यांची नातवंडं आज सवलत मागत आहेत, हे त्याला दिसतं. त्यातल्या कितीतरी म्हाताऱ्यांनी ‘त्यांनाही मिळावं, फक्त आमच्यातलं काढू नये’ असं म्हटलेलं मी ऐकलं आहे.

जूनमध्ये निकाल लागले की तहसिलाच्या आवारात सेतू केंद्राबाहेर रांग लागते. झेरॉक्सच्या दुकानात उभं राहायला जागा नसते. रांगेत बौद्ध मुलगा असतो, त्याला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा हवा. त्याच्यामागं तांड्यावरची मुलगी, तिला २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा. तिच्यामागं कुणबी नोंद शोधणारा मराठा मुलगा, त्याला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. तिघांच्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत सातबारा, रेशनकार्ड, वंशावळीचं शपथपत्र. खिडकीच्या आतून तिघांनाही एकच गोष्ट विचारली जाते: आजोबांचा, पणजोबांचा शाळेचा दाखला आहे का? आणि पुष्कळदा तिघांचंही उत्तर एकच असतं. आजोबा शाळेत गेलेच नव्हते.